नागरी हरित जागांचे संरक्षण (नाशिक)

शहराच्या हद्दीतील उद्याने, क्रीडांगणे, अभिन्यासांतील (लेआउटमधील) मोकळे भूखंड, नदीकाठ, टेकड्या व मळे घरबांधणीखाली जाऊ नयेत यासाठीची कायदेशीर, प्रशासकीय आणि लोकांनी चालविलेली व्यवस्था. मोगल काळात गुलशनाबाद या नावाने ओळखल्या गेलेल्या नाशिकमध्ये हा प्रश्न बागांइतकाच शेतजमिनीचाही आहे. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव यांसारख्या गावांची शिवारे, त्यांतील द्राक्षबागा व भाजीपाल्याच्या मळ्यांसह, शहराच्या हद्दीत आली.

विकास आराखड्यात, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरविणाऱ्या नकाशात, निवासी विभाग पिवळ्या व शेतीचा विभाग हिरव्या रंगात दाखवितात. ‘जमीन यलो झोनमध्ये आली’ या बोलण्यातल्या वाक्याचा अर्थ तिचा भाव वाढला असा असतो. त्यामुळे हिरवा पट्टा टिकविण्याला पुष्कळदा मळेवाल्यांचाच विरोध असतो, आणि तो गैर म्हणता येत नाही, कारण शहराला लागणाऱ्या मोकळ्या हवेची किंमत एकट्या जमीनमालकाने सोसावी अशी ही रचना आहे.

उद्यान किंवा क्रीडांगणासाठी खासगी जमिनीवर टाकलेले आरक्षण हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली येते. ते म्हणजे मालकी नव्हे. पालिकेने ती जमीन वाटाघाटीने, टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात इतरत्र वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन किंवा भूसंपादनाने ताब्यात घ्यावी लागते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत असे घडले नाही, तर कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत १२ महिन्यांची होती) संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते तेथेही बांधता येते. व्यवहारात अनेक नियोजित उद्याने अशी नकाशावरच संपतात. त्यासाठी कोणाला नियम मोडावा लागत नाही, पालिकेकडे वेळेवर पैसा नसणे एवढे पुरते. नाशिकचा सुधारित आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाल्याने त्यात नव्याने पडलेल्या आरक्षणांची दहा वर्षे २०२७ मध्ये भरतात. याउलट, एकदा सार्वजनिक झालेल्या उद्यानाला न्यायालयीन आधार भक्कम आहे. बेंगळूरुमधील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयासाठी देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अवैध ठरविला.

मोठ्या अभिन्यासांत दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. कॉलन्यांमध्ये ‘ओपन स्पेस’ या नावानेच परिचित असलेल्या या भूखंडांवर कालांतराने सभामंडप, मंदिर, व्यायामशाळा किंवा अभ्यासिका उभी राहते. बिल्डरपेक्षा रहिवाशांच्याच आग्रहाने ही जागा आकसत जाते, हे येथे नोंदविणे भाग आहे.

नदीकाठी वेगळे बंधन काम करते. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीला आलेल्या महापुरानंतर पूररेषांचा विषय शहरात ऐरणीवर आला. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर तांबडी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आतील बांधकामबंदी पुराच्या धोक्यामुळे आहे, हिरवाईसाठी नव्हे. तिच्यामुळे गोदाकाठ व नासर्डीच्या (नंदिनीच्या) काठाचे काही तुकडे मोकळे राहिले, तर जुन्या गावठाणातील वाड्यांची पुनर्बांधणी अडली.

१९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याबाबतचा अधिनियम झाडाला संरक्षण देतो, त्याखालच्या जमिनीला नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा म्हणून स्थान मिळाले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. ती झाडे दुसरीकडे लावता येत असल्याने मूळ जागा बांधकामाला मोकळी होते. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर स्थानिक लोकांनी देशी झाडांची देवराई उभी केली आहे.

शब्दांचा घोळही येथे आहे. स्मार्ट सिटी योजनेत मखमलाबाद शिवारात आखलेल्या नगररचना परियोजनेला (जमिनी एकत्र करून नव्याने भूखंड पाडण्याच्या योजनेला) ‘हरितक्षेत्र विकास’ म्हणत. तिचा अर्थ शेतीवर नवी वसाहत असा होता, आणि शेतकऱ्यांनी तिला विरोध केला.

तपोवनातील साधुग्रामाची (साधूंच्या तात्पुरत्या वस्तीची) जागा दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थासाठी राखीव असल्याने एरवी मोकळी राहते, आणि म्हणूनच तेथे झाडे वाढली. २०२५ च्या अखेरीस पुढील सिंहस्थाच्या तयारीसाठी त्यांतील सतराशेहून अधिक झाडे काढण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले आणि वाद हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला.