पट्ट्यांची बाहुली की लगद्याची?

जुन्या वळणाची कागदी बाहुली घरी करायची म्हटलं की बरेच जण वर्तमानपत्र भिजवतात, मिक्सरमधून काढतात आणि त्या गोळ्यातून थेट अख्खी मूर्ती घडवायला बसतात. मग ती वरून कडक, आतून ओली राहते आणि दमट हवेत तिला बुरशी धरते. पेपर मॅशे या एका नावाखाली पट्ट्यांचं काम आणि लगद्याचं काम, अशी दोन वेगळी कामं येतात. त्यांची गल्लत झाली की असं होतं.

पट्ट्यांचं काम समजून घ्यायला जपानच्या आइझू भागातली अकाबेको, म्हणजे लाल गाय, पाहावी. लाकडी साच्यावर कागदाचे थर चिकटवतात, वाळलेलं कवच कापून साचा बाहेर काढतात आणि फट पुन्हा कागदाने बुजवतात. डोकं वेगळं करून दोऱ्याने टांगलेलं असतं. ते पोकळ आणि हलकं असल्यामुळेच जराशा धक्क्याने डुलत राहतं.

काश्मीरचं जुनं काम लगद्याचं. कागद बरेच दिवस भिजवून दगडी उखळात कुटायचा, त्यात तांदळाची खळ मिसळायची आणि साच्यावर थापायचा. हे काम साख्तासाजाचं, म्हणजे वस्तू घडवणाऱ्याचं; रंगवणारा नक्काश वेगळा. इथेही वाळलेली वस्तू बारीक करवतीने कापून साच्यावरून सोडवतात आणि पुन्हा जोडतात. म्हणजे लगद्यातले उस्तादसुद्धा भरीव गोळा करत नाहीत, पातळ कवचच करतात! घरी करणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या आदिवासी उत्सवात, लाकडी मुखवट्यांच्या जोडीने कागदाच्या लगद्याचेही मुखवटे असतात. तोंडावर बांधून नाचायचं, तर वजन कमी हवंच.

फरक तंतूंचा आहे. पट्टीत कागदाचे तंतू एकमेकांत गुंतलेले राहतात, म्हणून तीन-चार थरांचं कवचही ताण सोसतं. मिक्सरमध्ये ते तुटतात. लगदा पाणी धरून ठेवतो आणि वाळताना आकसतो. पण नाकाचा शेंडा, भुवई, बोटांची पेरं लगद्यात जशी उठतात, तशी पट्टीत उठत नाहीत.

म्हणून माझं ठाम मत: धड पट्ट्यांचं, चेहरा लगद्याचा. तारेच्या सांगाड्यावर कागदाचे बोळे बांधा आणि त्यावर मैद्याच्या खळीने पट्ट्या लावा. पट्टी कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड विरळ असते, ती खालच्या थरात मिसळून जाते. दोन-तीन थरांनंतर वाळू द्या, मगच पुढचे. धड खडखडीत वाळल्यावर चेहऱ्याला लगदा लावा, एका वेळी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नको.

जुनेपणा मात्र दोन्हींत सारखाच आणायचा, आणि तो येतो अस्तरातून. व्हाइटिंग पावडर (खडूची पूड) सरसाच्या पातळ पाण्यात कालवून दोन-तीन हात द्या, पॉलिश पेपरने घासा. त्यावर पोस्टर कलर, शेवटी चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश. चपडीने पांढऱ्यावर मधाळ पिवळी झाक चढते. बाजारातल्या चकचकीत वॉर्निशने ती येत नाही. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे, तेव्हा लहान मुलं हाताळणार असतील तर ते टाळा आणि बाहुली कोरड्या कपाटात ठेवा.