फ्लूला तुमचं जन्मसाल कळतं

फ्लूच्या विषाणूचा सगळा संसार आरएनएच्या आठ तुकड्यांत मावतो. एवढ्या भांडवलावर तो कुणाला दोन दिवस अंथरुणात ठेवतो, तर कुणाला थेट व्हेंटिलेटरवर नेतो.

त्याच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे असतात. नवा काटा अर्धवट असतो. आपल्याच शरीरातल्या एखाद्या विकराने तो ठरावीक जागी कापला, तरच विषाणूला पेशीत शिरता येतं. म्हणजे चोराला कुलूप उघडून देणारे घरचेच! नेहमीच्या फ्लूचा काटा कापणारी विकरं मुख्यतः श्वसनमार्गात असतात, त्यामुळे तो सहसा तिथेच अडकतो. कोंबड्यांना मारणाऱ्या एच५ विषाणूंमध्ये (एच म्हणजे हिमॅग्लुटिनिन, आकडा त्याचा प्रकार) मात्र त्या जागी आर्जिनिन-लायसिन या अमिनो आम्लांची रांगच असते. ती फ्युरिन नावाचं विकर कापतं, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत सापडतं. मग कोंबडीचा मेंदूसुद्धा सुटत नाही.

पण एकट्या विषाणूला दोष देऊन भागत नाही. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. विषाणूचं एनएस१ हे प्रथिन ती हाकच दाबतं. काहींच्या बाबतीत ही हाक मुळातच क्षीण असते. २०१५ साली अशा एका लहान मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. आयआरएफ७ या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष, इंटरफेरॉन अपुरं, आणि बहुतेकांना सौम्य गेलेल्या फ्लूने ते मूल अत्यवस्थ झालेलं. उलट प्रतिकार उशिरा जागा होऊन बेफाम सुटला, तर फुप्फुसांत पाणी भरतं ते आपल्याच पेशींच्या माऱ्यामुळे.

मला सगळ्यात नवल वाटतं ते जन्मसालाचं. एच१, एच२ आणि एच५ हे एका कुळातले. एच३ आणि एच७ दुसऱ्या. १९१८ पासून १९६८ पर्यंत माणसांत आधी एच१, मग एच२ फिरत होता. १९६८ मध्ये एच३ आला. २०१६ मध्ये संशोधकांनी बर्ड फ्लूचे रुग्ण वयानुसार मांडले, तेव्हा एच५एन१ने (एन हे विषाणूवरचं दुसरं प्रथिन) गंभीर झालेले बहुतेक १९६८ नंतर जन्मलेले निघाले आणि एच७एन९चे बहुतेक त्याआधीचे. लहानपणी पहिल्यांदा गाठ पडलेल्या फ्लूचं कूळ शरीर विसरत नाही आणि त्याच कुळातल्या नव्या विषाणूला पुढेही तोंड देतं, असं दिसतं. १९७७ मध्ये एच१ परतला, तेव्हापासून दोन्ही कुळं एकत्र फिरताहेत; त्यामुळे त्यानंतर जन्मलेल्याला आधी कोण भेटलं, हे नुसत्या सालावरून सांगता येत नाही.