मुळाच्या टोकापलीकडे: फाईल, हायपो आणि जंतू

मुंबईत नायर दंत रुग्णालयात असो की गल्लीतल्या एका खुर्चीच्या दवाखान्यात, रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीनंतर एक प्रश्न हमखास येतो: "नस काढली ना, मग रात्री ठणका का लागला?" पुष्कळदा कारण असतं मुळाच्या टोकातून हाडाकडे ढकलला गेलेला गाळ. त्यात दाताचा भुगा, कुजलेली नस आणि जंतू, असं सगळंच असतं. तो किती ढकलला जाईल, हे हातातलं साधन (मुळातली नळी, म्हणजे कॅनाल, घासून साफ करणारी बारीक फाईल) आणि सुईतलं पाणी (कॅनाल धुवायचा द्रव) मिळून ठरवतात.

साधन आधी आलं. 1838 मध्ये एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाच्या स्प्रिंगपासून नस काढायचं अवजार घडवलं. नंतरची शंभरहून अधिक वर्षं मुख्य हालचाल वर-खाली घासण्याचीच राहिली. ही हालचाल पिचकारीच्या दट्ट्यासारखी चालते: फाईल खाली जाताना पुढचा गाळ टोकाबाहेर जातो. भरीला स्टीलची जाड फाईल वाकत नाही, त्यामुळे वाकड्या मुळात पायरी पडते आणि भुगा तिथेच चेपून बसतो. फाईलचे आकारही ज्याचे त्याचे होते. प्रमाणित मापांचा प्रस्ताव 1958 चा, अमेरिकन मानक 1976 चं.

खरा बदल क्रम उलटल्यावर झाला. आधी वरचा भाग रुंद करायचा, तिथली घाण धुऊन काढायची आणि मगच टोकाकडे उतरायचं. हीच क्राउन-डाउन पद्धत. 1985 मध्ये रोन यांची बॅलन्स्ड फोर्स पद्धत आली. तिच्यात फाईल घासायची नसते, फिरवायची असते. 1988 मध्ये निकेल-टायटॅनियमची लवचीक फाईल आली. फिरणाऱ्या फाईलच्या खाचा भुगा वर ओढतात, म्हणून घासण्यापेक्षा कमी गाळ बाहेर जातो. कमी म्हणजे शून्य नव्हे. तसं साधन आजही नाही.

पाण्याची बाजू युद्धातून आली. पहिल्या महायुद्धात जखमा धुण्यासाठी डेकिन यांनी 0.5% सोडियम हायपोक्लोराइट (थोडक्यात हायपो, ब्लीचमधलंच रसायन) वापरलं. 1941 मध्ये ग्रॉसमन यांनी हायपोक्लोराइट रूट कॅनालमध्ये नस विरघळवण्यासाठी पुढे आणलं. पण ते अपरिहार्य का, हे नीट दाखवलं बिस्ट्रॉम आणि सुंडक्विस्ट यांनी. 1981 च्या त्यांच्या अभ्यासात फाईल आणि नुसत्या सलाईनने जंतू शंभर ते हजार पटींनी घटले, तरी अनेक मुळांत उरलेच. 1983 मध्ये 0.5% हायपोने निकाल सुधारला. पुढे मायक्रो-सीटीने (दाताच्या अतिसूक्ष्म क्ष-किरण छेदचित्रांनी) कारण दाखवलं: कॅनालच्या भिंतीच्या सुमारे एक तृतीयांश भागाला फाईल शिवतच नाही. तिथे फक्त द्रवच पोहोचू शकतो. ईडीटीए हे कॅल्शियम खेचून घेणारं रसायन 1957 पासून आहे. 17% ईडीटीए साधारण एक मिनिट ठेवल्यास फाईल चालवताना भिंतीवर बसलेला भुग्याचा थर सुटतो, पण त्याने जंतू फारसे मरत नाहीत.

पाणीही दुधारी आहे. काढलेल्या दातांवरच्या 1975 च्या प्रयोगात पाण्याविना फाईल चालवली तेव्हा टोकाबाहेर गाळ गोळा झाला नाही. पाणी घातल्यावर झाला. म्हणून पाणी टाळायचं असं मात्र नाही, कारण कोरड्या कॅनालमध्ये भुगा आतच तुंबतो. जपायचं ते सुईला: 30 गेजची (खूप बारीक), बाजूला छिद्र असलेली, कॅनालच्या मोजून ठरलेल्या लांबीपेक्षा 1 ते 2 मिमी अलीकडे आणि भिंतीत न अडकणारी. सुई सतत थोडी हलती ठेवून, तर्जनीच्या हलक्या दाबाने सावकाश सोडायचं. अडकलेल्या सुईवर अंगठ्याने जोर दिला की हायपो हाडात शिरतं: क्षणात जबर वेदना, सूज, काळानिळा गाल. टोक उघडं किंवा झिजलेलं असेल तर दाब आणखी कमी ठेवावा. द्रव सुईच्या टोकाच्या फार पुढे जात नाही, म्हणून शेवटच्या भागात अल्ट्रासॉनिकने (सूक्ष्म कंपनांच्या साधनाने) ढवळावं.

हायपोनंतर लगेच क्लोरहेक्सिडीन (दुसरं जंतुनाशक) घालू नये, तपकिरी साका बसतो. मध्ये सलाईनने धुऊन कॅनाल कोरडा करावा. मुंबईच्या मे महिन्यात खिडकीत ठेवलेल्या पारदर्शक बाटलीतलं हायपो लवकर कमजोर होतं. ते गडद, घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड जागी ठेवावं आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी.