‘मोबाइलमधलं रेकॉर्डिंग कोर्टात चालत नाही’ म्हणे!

भाडेकरूची धमकी फोनमध्ये रेकॉर्ड असते, तरी कट्ट्यावरचा जाणकार सांगतोच, ‘कोर्टात असलं काही चालत नाही.’ चालतं, आणि तेही 2000 सालापासून. पुरावा कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कलम 65-ब तेव्हाच आलं. घोडं अडतं ते प्रमाणपत्रापाशी, म्हणजे ही कॉपी कुठल्या यंत्रातून, कशी काढली हे सांगणाऱ्या सही केलेल्या कागदापाशी. मूळ फोनच हजर करून मालकाने साक्ष दिली तर ते लागत नाही. पेन ड्राइव्ह किंवा स्क्रीनशॉटची प्रिंट दिली तर लागतं.

जालन्याचं प्रकरण बघा. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जिंकलेल्या अर्जुन खोतकरांचा अर्ज दुपारी 3 नंतर, म्हणजे मुदत संपल्यावर आला, असा हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. पुरावा म्हणजे निवडणूक कार्यालयातलंच चित्रीकरण, पण अधिकारी मागूनही प्रमाणपत्र देईनात! 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं; मात्र सगळे प्रयत्न करूनही ते न मिळालेल्या पक्षाला त्यातून सूट दिली. उच्च न्यायालयाने रद्द केलेली खोतकरांची निवड रद्दच राहिली.

1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. प्रमाणपत्राचा एक भाग तुमचा, दुसरा तज्ज्ञाचा, शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा. तेव्हा चॅट फॉरवर्ड केलं म्हणून मूळ डिलीट करू नका, आणि तो जुना फोन तर मुळीच विकू नका.