मॉन्ट्रिऑलमधील रस्तेदुरुस्ती व नागरिकांच्या तक्रारी

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील मॉन्ट्रिऑल शहरात रस्त्यांची दुरुस्ती हा बारमाही वादाचा विषय आहे. नागरिक दोन तक्रारी करतात आणि बहुधा एकाच दमात करतात : रस्ते दुरुस्त होत नाहीत, आणि दुरुस्ती कधी संपत नाही. दोन्ही खऱ्या आहेत.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला खड्डे म्हटले की पावसाळा आठवतो. मॉन्ट्रिऑलमध्ये खड्ड्यांचा भर मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ वितळताना असतो. डांबराच्या भेगेत शिरलेले पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि भेग रुंदावते. वितळले की पाणी आणखी खोल उतरते, रात्री पुन्हा गोठते. त्यामुळे नुसत्या कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्याच्या आसपास घुटमळणारा पारा रस्त्याला जास्त घातक ठरतो. कॅनडातल्याच, पण अधिक थंड विनिपेगसारख्या शहरात जमीन महिनोन्‌महिने गोठलेलीच राहते. मॉन्ट्रिऑलमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान उणे 9 अंश असले, तरी अधूनमधून दोन-चार दिवस पाऊस पडतो आणि लगेच पारा कोसळतो. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने बर्फ वितळतो खरा, पण त्याच मिठामुळे गोठण्या-वितळण्याची आवर्तने वाढतात, आणि काँक्रीटचे पापुद्रेही सुटतात. मीठ फार थंडीत, उणे 15 अंशांच्या खाली, फारसे चालत नाही. मग बारीक खडी पसरतात.

खरा घात मात्र डांबराच्या खाली होतो. गाळाची व चिकणमातीची जमीन गोठताना खालचे पाणी वर ओढून घेते. त्याचे बर्फाचे पातळ थर तयार होतात आणि रस्ता फुगून वर येतो. वसंतात वरचा थर आधी वितळतो, खालचा अजून गोठलेलाच असतो. पाण्याला निचरा नाही, भरावाचा चिखल होतो, आणि एखादा अवजड ट्रक त्यावरून गेला की डांबर खचते. म्हणूनच क्वेबेकमध्ये दरवर्षी वितळणीच्या काळात अवजड वाहनांच्या भारावर कायद्याने मर्यादा घातली जाते. विभागवार तिच्या तारखा वेगळ्या असतात.

हिवाळ्यातली दुरुस्ती ही निव्वळ मलमपट्टी असते. गरम डांबरमिश्रण सुमारे 150 अंशांना तयार होते आणि गार होण्याआधी दाबावे लागते. थंडीत ते जमत नाही, बहुतेक डांबर प्रकल्पही बंद असतात. मग उरते कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता वापरायचे डांबरमिश्रण. कामगार खड्ड्यातला चिखलबर्फ फावड्याने जमेल तेवढा उपसतो, मिश्रण ओततो, फावड्याच्या पाठीने थोपटतो. पुढच्याच बर्फवृष्टीत बर्फ हटवणाऱ्या नांगरगाडीचे पाते ते उचकटून नेते. एकच खड्डा हिवाळ्यात तीनदा बुजवला, ही तक्रार अतिशयोक्तीची वाटली तरी तशी नसते.

पक्के काम मे ते नोव्हेंबर एवढ्याच अवधीत करता येते. त्यातही जुलैचे शेवटचे दोन आठवडे क्वेबेकमधील बांधकाम क्षेत्राची सार्वत्रिक सुट्टी असते. ऐन उन्हाळ्यात यंत्रे थांबलेली, रस्ता उकरलेला आणि वाहने अडवणारे नारिंगी शंकू (कोन) मात्र जागच्या जागी, हे दृश्य लोकांना सर्वांत जास्त खटकते. 1 जुलैला हजारो भाडेकरू एकाच वेळी घरे बदलतात; सामानाचा ट्रक दारापर्यंत न पोहोचणे ही दरवर्षीची कटकट. विनाकारण उभ्या असलेल्या कोनांवर शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्सने 2023 मध्ये जाहीर टीका केली आणि पालिकेला नियम कडक करावे लागले.

खोदकाम लांबते त्याला जुन्या जलवाहिन्याही कारण आहेत. मध्यवर्ती भागातल्या काही एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. 28 जानेवारी 2013 रोजी मॅकगिल विद्यापीठाजवळ मोठी जलवाहिनी फुटली आणि कडाक्याच्या थंडीत विद्यापीठाच्या उतारावरून लोंढा वाहिला. नळजोडण्यांतील शिशाचे पाइप बदलण्याचे कामही 2019 पासून वेगाने हाती घेतले गेले. नुकतेच डांबरीकरण झालेला रस्ता पाइपसाठी पुन्हा उकरला, की रहिवासी चिडतात. मला यात त्यांची बाजू जास्त पटते, कारण वरचा थर खरवडून नवा टाकण्याचे स्वस्त काम दिसायला छान असले, तरी खालचे दुखणे तसेच राहते. सेंट कॅथरिन रस्त्याचे 2018 मध्ये सुरू झालेले काम याच्या उलट, म्हणजे आधी पाइप आणि मग फरसबंदी अशा क्रमाने आखले. पण तेथील दुकानदारांना धंदा बसल्याची किंमत मोजावी लागली. बांधकामाची झळ बसलेल्या व्यापाऱ्यांसाठी पालिकेने आर्थिक साहाय्याची योजना आणली.

तक्रार करायची कोणाकडे, हाही प्रश्नच आहे. पालिकेचा 311 हा क्रमांक सर्वांसाठी आहे, पण शहरात 19 प्रभाग असून प्रत्येकाची स्वतःची परिषद आहे. गल्लीबोळ प्रभागाकडे, मुख्य रस्ते मध्यवर्ती पालिकेकडे, महामार्ग प्रांतिक मंत्रालयाकडे आणि काही पूल केंद्र सरकारच्या महामंडळाकडे. टोलवाटोलवीला इतकी सोयीची रचना क्वचितच सापडेल. भरपाईची वाटही अरुंद आहे. प्रांतिक कायद्याने टायर व सस्पेन्शनच्या नुकसानीची जबाबदारी पालिकेवरून काढून टाकली आहे, आणि इतर दाव्यांची लेखी सूचना घटनेपासून 15 दिवसांत द्यावी लागते. खड्ड्यात टायर फुटलेल्या वाहनचालकाच्या हाती बहुधा गॅरेजचे बिलच पडते.

या सगळ्यावर संशयाची सावली आहे ती ठेक्यांची. सार्वजनिक बांधकामाच्या निविदांमधील संगनमत व पक्षनिधीचे लागेबांधे तपासण्यासाठी प्रांत सरकारने 2011 मध्ये न्यायाधीश फ्रान्स शार्बोनो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगासमोरील साक्षींच्या गदारोळात महापौर जेराल्ड ट्रेम्ब्ले यांनी नोव्हेंबर 2012 मध्ये राजीनामा दिला, आणि अहवाल 2015 मध्ये आला. ठेकेदार आपसात कामे वाटून घेत आणि दर फुगवत, हे साक्षींतून उघड झाले. तेव्हापासून निविदा प्रक्रिया बदलली आहे, पण एखादा रस्ता चार वर्षांत उखडला की थंडीऐवजी ठेकेदाराकडे बोट दाखवणारे अजूनही पुष्कळ आहेत.