हे प्रतिपिंड कोणाविरुद्ध?

1845 साली लंडनच्या डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी एका रुग्णाची लघवी रसायनशास्त्र जाणणारे डॉक्टर हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासायला पाठवली. ती तापवली की साका धरायचा, उकळली की विरघळायचा आणि थंड होताच पुन्हा दिसायचा. हाडांच्या वेदनांनी हैराण झालेला तो रुग्ण 1846च्या पहिल्याच दिवशी गेला. त्या साक्याचं कोडं 1962 साली सुटलं. ते होते प्रतिपिंडाचे, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं त्या प्रथिनाचे (अँटिबॉडीचे) सुटे तुकडे.

निरोगी रक्तात नाना तऱ्हेची प्रतिपिंडं असतात, कारण प्लाझ्मा पेशींची प्रत्येक वंशावळ आपलं एकच प्रतिपिंड बनवते. त्या रुग्णाला झालेल्या मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात त्यातली एकच वंशावळ अस्थिमज्जेत बेसुमार वाढते आणि तेच ते प्रतिपिंड रक्तात ओतत राहते. तपासणीच्या आलेखावर त्याचा टोकदार सुळका उभा राहतो. त्याला ‘एम स्पाइक’ म्हणतात. सुळक्याच्या उंचीवरून डॉक्टर आजाराचा जोर जोखतात. पण प्रतिपिंड म्हटलं की त्याला लक्ष्य असणारच. मग याचं लक्ष्य कोणतं?

या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर गौशे या आनुवंशिक आजारातून मिळालं. त्यात एक विकर (एन्झाइम) नीट काम करत नाही, म्हणून विशिष्ट स्निग्ध पदार्थ पेशींत साचत जातात. या रुग्णांना मायलोमाचा धोकाही जास्त असतो. का, ते बरीच वर्षं कळत नव्हतं. 2016 साली येल विद्यापीठातल्या माधव धोडपकर यांच्या गटाने दाखवलं, की या रुग्णांमधलं एकसुरी प्रतिपिंड त्या साचलेल्या स्निग्ध पदार्थांपैकीच एकाला चिकटतं. म्हणजे शरीर वर्षानुवर्षं स्वतःच्याच साठ्याशी झुंजत होतं. गौशे नसलेल्या, पण असं प्रतिपिंड असलेल्या सुमारे 33 टक्के रुग्णांतही लक्ष्य याच जातीचं निघालं. उंदरांमध्ये हा साठा घटवला, तेव्हा प्रतिपिंडाचा सुळकाही खाली आला. मला या संशोधनातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

झुंज लांबली की धोका का वाढतो? लक्ष्य भेटलं की बी पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून प्लाझ्मा पेशी बनतात त्या पेशी, भराभर विभागतात. नेम सुधारण्यासाठी त्या स्वतःच्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम बदल करतात, डीएनए कापून पुन्हा जोडतात. तिथे जोड चुकला, तर वाढीला चिथावणारं जनुक नेमकं सतत चालू असलेल्या प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी येऊन बसतं. अनेक मायलोमांत 14व्या गुणसूत्रावर अशीच चूक सापडते. आणि पेशी एकदा पुरती बिघडली, की तिला लक्ष्याची गरजही उरत नाही.

म्हणून वेळ महत्त्वाची. पन्नाशीपुढच्या साधारण 3 टक्के लोकांच्या रक्तात छोटासा सुळका असतो, त्रास काहीच नसतो. त्यांच्यापैकी वर्षाला सुमारे 1 टक्का लोकांत तो कर्करोगाकडे किंवा तत्सम आजाराकडे सरकतो. सध्या त्यांना ठरावीक काळाने रक्त तपासत राहायला सांगतात. प्रतिपिंड किती आहे, हे त्या अहवालात असतं. ते कोणाविरुद्ध आहे, हा रकाना अजून त्यात नाही.