‘सोलापूर’ एकवीस बाइटांत: मोफत साधनांवर सॉकेट प्रोग्रॅमिंग

संगणकांच्या जाळ्याचा अभ्यास बहुधा जाळ्याचे काम सात थरांत विभागून दाखवणाऱ्या आकृतीपासून सुरू होतो आणि पुष्कळदा तिथेच संपतो. सोलापुरात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असणाऱ्या विद्यार्थ्याला ती आकृती तोंडपाठ असते, पण एका प्रोग्रॅमने पाठवलेला मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती नेमका कसा पडतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते. ते पाहण्यासाठी एक साधा लॅपटॉप आणि कंपन्यांनी मोफत दिलेली साधने पुरेशी आहेत, मात्र त्या साधनांचा उपयोग प्रोग्रॅम चालवण्यापेक्षा त्याला मध्येच थांबवून निरखण्यासाठी केला पाहिजे.

सॉकेट म्हणजे प्रोग्रॅमने जाळ्याशी बोलण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडून मागून घेतलेले टोक. ही पद्धत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील युनिक्समध्ये, 1983 च्या 4.2 बीएसडी आवृत्तीत, आली आणि विंडोजसाठी तिचेच रूप विनसॉक या नावाने 1990 च्या दशकात तयार झाले. सर्व्हरने (जोडणीची वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमने) सॉकेट, बाइंड (पत्ता व पोर्ट धरणे), लिसन (वाट पाहणे), ॲक्सेप्ट (जोडणी स्वीकारणे) आणि क्लायंटने (जोडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) सॉकेट, कनेक्ट (जोडणे) या क्रमाने फंक्शन्स वापरायची, हा सांगाडा दोन्हीकडे सारखाच आहे.

मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी ही आवृत्ती 2014 पासून मिळते आणि ती विद्यार्थ्यांना व एकट्याने काम करणाऱ्यांना विनामूल्य आहे. तिच्यातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवून तपासण्याचे साधन. सर्व्हरचा प्रोग्रॅम लिसनची ओळ ओलांडल्यावर, पण ॲक्सेप्टच्या आधी, ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावून थांबवावा आणि मग त्याच लॅपटॉपवर क्लायंट सुरू करावा. सर्व्हर गोठलेला असूनही क्लायंटचे कनेक्ट यशस्वी होते, इतकेच नव्हे तर त्याने पाठवलेला छोटा मजकूरही ‘गेला’ असे उत्तर मिळते. कारण टीसीपीची (जाळ्यावर बाइट क्रमाने पोचवणाऱ्या नियमांची) जोडणीआधीची तीन टप्प्यांची ओळखपाळख ऑपरेटिंग सिस्टिमच परस्पर उरकते, तयार जोडणी रांगेत ठेवते आणि आलेले बाइट स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठवते. ॲक्सेप्ट फक्त रांगेतील जोडणी उचलून प्रोग्रॅमच्या हाती देते. सेंड (पाठवण्याचे फंक्शन) यशस्वी झाले म्हणजे समोरच्याने वाचले, हा नवशिक्यांचा ठाम समज या एका प्रयोगाने मोडतो. माझ्या मते सॉकेटचा पहिला धडा हाच असावा. गप्पा मारणारा प्रोग्रॅम नंतर कधीही लिहिता येतो.

याच वेळी मायक्रोसॉफ्टचेच टीसीपीव्ह्यू हे मोफत साधन उघडे ठेवले, तर कोणत्या प्रोग्रॅमने कोणता पोर्ट (संगणकावरील प्रोग्रॅम ओळखण्याचा क्रमांक) धरला आहे आणि जोडणी कोणत्या अवस्थेत आहे हे दिसत राहते. जाळ्यावरची वाहतूक पकडून दाखवणारे वायरशार्क तर मुक्त स्रोत आहे. विंडोजवर त्याच्यासोबत एनपीकॅप हे वाहतूक पकडणारे जोडसाधन बसवले की 127.0.0.1 या पत्त्यावरची, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या आत होणारी वाहतूकही पकडता येते.

आता मजकुराकडे वळू. ‘सोलापूर’ या शब्दात काना, मात्रा, ऊकार धरून सात युनिकोड चिन्हे आहेत आणि यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे ती चिन्हे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने तो शब्द 21 बाइटांचा होतो. वाचणाऱ्याने दहा बाइटांचा बफर ठेवला, तर पहिल्या वाचनात ‘सोल’ पूर्ण येते आणि पुढच्या कान्याचा फक्त एक तृतीयांश भाग येतो. तेवढाच छापला तर पडद्यावर चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटते. इंग्रजी मजकुरात हा दोष झाकला जातो, कारण तिथे एक अक्षर एका बाइटात मावते. त्यामुळे चाचणी मराठी मजकुरानेच घ्यावी.

दोष टीसीपीचा नसतो. टीसीपी बाइटांचा सलग प्रवाह पोचवते, संदेश नव्हे. आपल्याकडे मागावर टॉवेल एकापाठोपाठ एक सलग विणले जातात आणि कुठे कापायचे ते मधल्या खुणेवरून कळते. टीसीपी अशी खूण स्वतः घालत नाही, ती प्रोग्रॅमरने घालायची असते. त्यासाठी आधी लांबीचा आकडा पाठवावा किंवा शेवटाचे ठरावीक चिन्ह ठेवावे, आणि संदेश पुरा होईपर्यंत रिसीव्ह (वाचण्याचे फंक्शन) पुन्हा पुन्हा बोलवावे. रिसीव्हने शून्य परत दिले, तर समोरच्याने पाठवणे संपवले असे समजावे.

पोर्टच्या आकड्यातही एक गंमत आहे. जाळ्यावर मोठ्या किमतीचा बाइट आधी जातो, तर आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये लहान किमतीचा आधी ठेवला जातो. एचटूएनएस हे फेरबदल करणारे फंक्शन विसरले, तर 8080 ऐवजी सर्व्हर 36895 या पोर्टवर बसतो; टीसीपीव्ह्यूमध्ये तो अनोळखी आकडा दिसला की कारण तिथल्या तिथे उमगते.

कंपनीच्या साधनांवर शिकताना त्या कंपनीपुरते काय आणि सार्वत्रिक काय, हे वेगळे ओळखावे लागते. सुरुवातीला विनसॉक चालू करणारे डब्ल्यूएसएस्टार्टअप आणि शेवटी सॉकेट बंद करणारे क्लोजसॉकेट ही विंडोजची खास फंक्शन्स आहेत. पत्ता व पोर्ट पुन्हा वापरू देणारा रीयूजॲड्रेस हा सॉकेटचा पर्याय तर दोन्हीकडे एकाच नावाने असून वेगळा वागतो: लिनक्सवर सर्व्हर बंद करून लगेच पुन्हा सुरू करताना तो उपयोगी पडतो, विंडोजवर मात्र त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅमने आधीच धरलेला पोर्टही बळकावता येतो. विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची डब्ल्यूएसएल ही मोफत सोय असल्याने हा फरक एकाच लॅपटॉपवर पडताळता येतो.

नंतर त्याच वायफायवरील दुसरा संगणक घ्यावा. 127.0.0.1 ला बाइंड केलेला सर्व्हर तिथून सापडणार नाही, तो 0.0.0.0 ला (म्हणजे संगणकाच्या सर्व पत्त्यांना) बाइंड करावा आणि फायरवॉलने विचारल्यास खासगी जाळ्यापुरती परवानगी द्यावी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वायरशार्क लावायचे असेल, तर इतरांची वाहतूकही त्यात दिसू शकते, म्हणून आधी तिथल्या प्रशासकाची संमती घ्यावी.